सात महिने पातळ शी, मधूनच उलटी: बोक्याला स्टिरॉइड सुरू करण्याआधी काय बघून घ्यावं?

इंदिरानगरची_मनी

बोका आहे, नसबंदी झालेला, वय ६ वर्षं, निम्मा पर्शियन. बाहेर सोडत नाही, घरात दुसरं मांजर नाही. लसी वेळच्या वेळी. सात महिन्यांपासून शी पातळ आहे. दिवसातून ३-४ वेळा, शेणासारखी, दर वेळी भरपूर. आठवड्यातून एखाद्या वेळी शेवटी थोडी आव दिसते, रक्त नाही. उलटी आठवड्याला एक, कधी केस, कधी नुसता पिवळा फेस. वजन ४.६ किलो होतं, परवा ४.१ भरलं. भूक मात्र जबरदस्त, वाडगं चाटूनपुसून पुन्हा ओरडतो.

खाणं: सकाळी बशीभर दूध (सासूबाई देतात), दिवसभर वाडग्यात चिकन फ्लेवरचं ड्राय फूड, रात्री उकडलेलं चिकन आणि दोन चमचे भात. मधूनमधून बोंबील.

औषधं: जंताची गोळी चार महिन्यांपूर्वी एकदा. मेट्रोनिडाझोलचे पाच-पाच दिवसांचे तीन कोर्स झाले. गोळ्या चालू असेपर्यंत शी बांधून होते, बंद केल्या की आठ दिवसांत पहिले पाढे पंचावन्न. आता डॉक्टर म्हणतात, प्रेडनिसोलोन सुरू करून बघू. रक्ततपासणी अजून झालेली नाही. स्टिरॉइडला माझी ना नाही, पण त्याआधी काही करायचं राहून गेलंय का? आणि नाशिकमध्ये काय होईल, मुंबई-पुण्याला कशासाठी जावं लागेल, तेही सांगा.


पशुवैद्य_नाशिकरोड

वर्णन नीट लिहिलंत, त्यामुळे अर्धं काम झालं. आधी दुखणं आतड्याच्या कुठल्या भागात आहे ते बघू. मोठ्या आतड्याचं असेल तर मांजर दिवसातून सहा-आठ वेळा ट्रेवर जातं, कुंथतं, जेमतेम चमचाभर शी करतं, सोबत आव आणि शेवटी ताज्या रक्ताचा थेंब. वजन फारसं उतरत नाही. लहान आतड्याचं असेल तर फेऱ्या थोड्याच वाढतात, पण दर वेळी ढीगभर निघते, वजन उतरतं, उलट्या होतात. तुमचा बोका उघडच दुसऱ्या गटातला. अधूनमधूनची आव म्हणजे मोठं आतडंही जरासं चिडलंय, इतकंच.

४.६ चे ४.१ म्हणजे जवळपास ११ टक्के वजन गेलं. सत्तर किलोच्या माणसाचं साडेसात किलो गेलं तर घरचे गप्प बसतील का? भूक चांगली आहे म्हणून बरं वाटून घेऊ नका. खाऊनही वजन उतरतंय याचा अर्थ खाल्लेलं अंगी लागत नाही किंवा शरीर ते भलत्या वेगाने जाळतंय.

स्टिरॉइडची पाळी येईलही, पण रांगेत त्याच्या पुढे तीन-चार जण उभे आहेत. कारण असं की मांजराच्या आतड्याची जुनाट सूज आणि आतड्याचा सावकाश वाढणारा लिम्फोमा (एक कर्करोग) बाहेरून अगदी सारखे दिसतात, आणि प्रेडनिसोलोनने दोन्ही काही काळ दबतात. गोळ्या सुरू केल्यावर बायोप्सी (आतड्याचा तुकडा काढून तपासणं) घेतली तर निदान धूसर होतं. शिवाय आत जंतुसंसर्ग लपलेला असेल तर तो उसळतो, आणि मांजरांना स्टिरॉइडवर मधुमेह होऊ शकतो. आधी साखर, किडनी, लिव्हर न बघता सुरू केलं तर पुढे काय आधीचं आणि काय गोळीमुळे, हे कळायला मार्ग राहत नाही.

म्हणून पहिलं काम शीची तपासणी. एक नमुना नको, एक दिवसाआड असे तीन. जिआर्डिया हा आतड्यातला एकपेशी परजीवी, त्याच्या गाठी (कवचबंद अवस्था) रोज शीतून पडत नाहीत, त्यामुळे एका नमुन्यात काही सापडलं नाही म्हणजे नाहीच, असं म्हणता येत नाही. झिंक सल्फेट वापरून तरंगवण्याची पद्धत आणि जिआर्डियाची अँटिजेन पट्टी, दोन्ही करायला सांगा. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या डबीत सुपारीएवढी शी पुरते. ट्रेमधली वाळू चिकटलेली नको, म्हणून त्या दिवशी वाळूवर प्लॅस्टिकचा कागद अंथरा. नमुना दोन-तीन तासांत पोचणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीने जिवंत जिआर्डियाची हालचाल थांबते आणि काचपट्टीवर तो ओळखू येत नाही. उशीर होणार असेल तर मात्र फ्रिज, म्हणजे निदान अंडी आणि गाठी तरी टिकतात.

दुसरं रक्त: सीबीसी, लिव्हर, किडनी, साखर, प्रोटीन आणि अल्ब्युमिन, टी-४ (थायरॉइडचं हार्मोन), बी-१२, फोलेट. थायरॉइड वाढण्याचा आजार सहसा आठ-दहा वर्षांवरच्या मांजरांत, पण इथे भूक वाढून वजन घटतंय, तेव्हा टी-४ सोडू नका. ढीगभर शी आणि राक्षसी भूक हे स्वादुपिंडाचा पाचकरस कमी पडण्याचंही लक्षण असतं. त्याची टीएलआय नावाची वेगळी तपासणी आहे, ती जमली तर त्याच नमुन्यात. रात्री दहानंतर खाणं बंद, पाणी चालू, सकाळी रक्त.

तिसरं पोटाची सोनोग्राफी. त्यात आतड्याच्या भिंतीचे थर, लसीकाग्रंथी, स्वादुपिंड दिसतात. पण एक लक्षात ठेवा, भिंत जाड दिसली म्हणजे सूज की लिम्फोमा हे सोनोग्राफी सांगत नाही. ते बायोप्सीच सांगते.

सोनोग्राफी, रक्त, शी हे सगळं नाशिकमध्ये होतं. बी-१२ आणि टीएलआयचे नमुने सहसा बाहेरच्या लॅबला जातात, किती दिवस लागतील ते विचारून घ्या. एंडोस्कोपीची वेळ आली तर मुंबई किंवा पुणे धरून चाला. कसाऱ्याचा घाट उतरताना लाळ गाळणारी, उलट्या करणारी मांजरं पुष्कळ. निघण्याआधी तीन-चार तास खायला देऊ नका आणि गॅबापेंटिन (प्रवासात मांजराला शांत ठेवणारं औषध) द्यायचं का ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. निघण्याआधी दोन-तीन तास दिलेलं चांगलं लागू पडतं.

आणि मेट्रोनिडाझोल आता बंद. तीनदा तेच झालं, चौथ्यांदा वेगळं काय होणार? ते काही जंतू मारतं, सूज थोडी कमी करतं, म्हणून चार दिवस बरं वाटतं. पण सोबत आतड्यातल्या उपयोगी जंतूंची वस्तीही उठते आणि ती पूर्ववत व्हायला आठवडे जातात.


सिडको_तीन_मांजरं

डॉक्टरांच्या पहिल्या मुद्द्याला जोडून. चार महिन्यांपूर्वीची जंताची गोळी म्हणजे बहुतेक पायरँटेल आणि प्राझिक्वांटेल असलेली. तिने गोलकृमी, अंकुशकृमी, पट्टकृमी जातात, जिआर्डिया जात नाही. त्यासाठी फेनबेंडाझोल, किलोला ५० मिग्रॅ, दिवसातून एकदा, सलग पाच दिवस. ४.१ किलोला २०५ मिग्रॅ होतात. नमुने गोळा करून झाल्यावरच द्या, आधी दिलंत तर तपासणीला अर्थ राहणार नाही. नमुने निगेटिव्ह आले तरी बरेच डॉक्टर हा कोर्स देतातच, कारण औषध मांजराला मानवतं आणि शंका मिटते.

घरी ट्रे रोज दोनदा उपसा. जिआर्डिया निघाला तर पाचही दिवस ट्रे उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात कडकडीत वाळवा. गाठी ओल्यात टिकतात, कोरडेपणात मरतात. पावसाळ्यात ऊन नसतं तेव्हा दोन ट्रे आलटून पालटून वापरा, एक तरी पूर्ण वाळायला हवा. शेवटच्या दिवशी मागचे पाय आणि शेपटीखालचा भाग शाम्पूने धुवा. पर्शियन केसांत वाळलेली शी अडकते, बोका ती चाटतो आणि सगळं पुन्हा सुरू.

फिनाईल मात्र घरातून काढा, काळंही आणि पांढरंही. मांजराच्या लिव्हरला फिनॉल जातीची रसायनं फोडता येत नाहीत. फरशीवरून चालायचं, पंजे चाटायचे, एवढं पुरतं. त्यातून लाळ, उलट्या, तोंडात फोड येतात आणि आपण आतड्याला दोष देत बसतो. साधं ब्लीच एका भागाला ३२ भाग पाणी असं करून फरशी पुसा, दहा मिनिटांनी साध्या पाण्याने पुन्हा पुसा, वाळल्यावरच बोक्याला खोलीत घ्या. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर कधीच मिसळू नका, विषारी वायू होतो. आणि ब्लीच जिआर्डियाच्या गाठींवर भरवशाचं नाही, तिथे उकळतं पाणी आणि वाळवणं हेच.

पाणी: गंगापूर धरणाचं पाणी शुद्ध होऊनच येतं, पण पुढे ते सोसायटीच्या टाकीत पडून राहतं, आणि टाकी कधी धुतली हे कुणाला सांगता येत नाही. जिआर्डियाच्या गाठींना नळाच्या क्लोरीनचं फारसं भय नाही. एक मिनिट खळखळून उकळलेलं पाणी गार करून द्या, वाडगं रोज घासा.


ताटवाटी

आता खाण्याकडे येऊ, कारण मला तुमच्या चार ओळींत खरा घोळ तिथे दिसतोय. जुनाट हगवणीच्या मांजरांपैकी निम्म्याच्या आसपास मांजरं नुसत्या खाण्याच्या बदलावर सुधारतात. पण तो बदल काटेकोर लागतो, आणि 'थोडं हे, थोडं ते' करणाऱ्या घरात तो कधी होतच नाही.

दूध आज बंद. मोठ्या मांजरात दुधातली साखर पचवणारं विकर सहसा फारसं उरलेलं नसतं. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, पाणी ओढते, आंबते, वायू आणि पातळ शी होते. सासूबाईंना विज्ञान सांगत बसू नका. 'डॉक्टरांनी एकवीस दिवसांचं पथ्य दिलंय' म्हणा. पथ्य म्हटलं की आपल्याकडे घरातली मोठी माणसं जास्त कडक होतात, उलट तीच पहारा देतील.

चाचणीच्या आहाराचे दोन रस्ते आहेत. पहिला, हायड्रोलाइज्ड प्रोटीनचं प्रिस्क्रिप्शन फूड. यात प्रोटीनचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराची संरक्षणयंत्रणा ते ओळखत नाही. महाग आहे, पण पूर्ण आहार आहे, आणि महिनाभरासाठी हाच रस्ता सोपा. दुसरा, कधीच न खाल्लेलं मांस. तुमच्या बोक्याने चिकन आणि मासे दोन्ही खाल्लेत, म्हणून ते बाद. मटण कधी खाल्लं नसेल तर बकऱ्याचं मटण चालेल. कॅट फूडच्या पाकिटावर 'लँब' लिहिलेलं बघून भुलू नका, मागची बारीक अक्षरं वाचा. चिकन मील किंवा चिकन फॅट बहुतेक वेळा आत असतंच.

मटणाचं गणित असं. चार किलोच्या घरातल्या मांजराला दिवसाला साधारण २०० किलोकॅलरी लागतात. कमी चरबीचं, बिनहाडाचं मटण शिजवून साधारण १४० ग्रॅम, कच्चं १८० ते २०० ग्रॅम. नुसत्या पाण्यात कुकरमध्ये मऊ शिजवा. मीठ नाही, हळद नाही, आलं-लसूण नाही. फ्रिजमध्ये ठेवून वर गोठलेली चरबी काढून टाका, पण खालचं पाणी फेकू नका, मांजराला आहारातून लागणारं टॉरीन नावाचं अमिनो आम्ल त्यात उतरलेलं असतं. चार भाग करा, प्रत्येक भाग कोमट करून द्या. पाणी आणि मटण मिळून लगद्यासारखं झालं की चव घेत बसणारं मांजरही खातं.

यात कॅल्शियम नाही, जीवनसत्त्वं अपुरी, टॉरीनचा भरवसा नाही. तीन आठवडे मोठ्या मांजराला खपून जातं, तीन महिने नाही. टॉरीन कमी पडलं की हृदयाचा स्नायू ढिला पडतो आणि डोळ्याचा पडदा खराब होतो. डोळ्याचं नुकसान भरून येत नाही. फरक पडला की पूर्ण आहारावर आणायचं, किंवा आहारतज्ज्ञ पशुवैद्याकडून मोजून सप्लिमेंट घ्यायचं.

बदल सात दिवसांत करा: दोन दिवस पाव भाग नवं, दोन दिवस निम्मं, दोन दिवस पाऊण, सातव्या दिवशी पूर्ण. एकवीस दिवस त्या सातव्या दिवसापासून मोजायचे. आतड्याचा फरक बहुतेक वेळा दोन आठवड्यांत कळतो. या काळात बोंबील नाही, दही नाही, ट्रीट नाही. चिकनच्या चवीची चघळायची गोळी तर अजिबात नाही, जंताच्या आणि पिसवांच्या कित्येक गोळ्यांना ती चव लावलेली असते. आणि लासलगाव आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळे कांदा नसलेला रस्सा आपल्या स्वयंपाकघरात सापडणं कठीण. कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात, वाळवलेल्या पावडरीनेही. ताटातला तुकडा धुऊन दिला म्हणून तो सुटत नाही.

दुकानात पोत्यातून सुटं मिळणारं ड्राय फूड बंद करा. वर लावलेली चरबी हवेने खवट होते आणि जून ते सप्टेंबर त्यात बुरशी धरते. पाकीट छोटं घ्या, फोडल्यापासून चार-पाच आठवड्यांत संपेल असं. मूळ पाकिटासकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.


गंगापूररोड_वाचक

इसबगोल का नाही देत? आतडं साफ होतं, शी बांधते. दही-भातही पोटाला थंड.


ताटवाटी

इसबगोल उपयोगी आहे, पण मोठ्या आतड्याच्या तक्रारीत आणि बद्धकोष्ठात. पाव चहाचा चमचा भुसी, दोन-तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं फुगवून, ओल्या खाण्यात कालवून. कोरडी भुसी कधीच नाही, ती घशात किंवा आतड्यात फुगून बसते. या बोक्याला आत्ता नको, कारण आहार आणि इसबगोल एकदम सुरू केलं तर गुण कशाचा आला हे कळणार नाही. दही म्हणजे पुन्हा दुधाचं प्रोटीन, चाचणी तिथेच मोडली. भाताने नुकसान नाही, पण मांजर मांसाहारी, भाताने पोट भरलं की मांसाची जागा जाते.


इंदिरानगरची_मनी

सगळ्यांचे आभार. तिन्ही नमुन्यांत काही निघालं नाही, पट्टीही निगेटिव्ह. फेनबेंडाझोलचे पाच दिवस पूर्ण केले. रक्तात साखर, किडनी, लिव्हर, टी-४ ठीक. टीएलआय नॉर्मल. अल्ब्युमिन नॉर्मल. बी-१२ २३० आलं, पण लॅबच्या कागदावर मर्यादा २०० ते ९०० छापलीय, म्हणजे नॉर्मल ना? सोनोग्राफीत लहान आतड्याचा स्नायूचा थर जरा जाड, ग्रंथी वाढलेल्या नाहीत. हायड्रोलाइज्ड फूडचा आज पूर्ण आहाराचा नववा दिवस. शी दिवसातून दोनदा, आकार येतोय पण मऊ. उलटी या आठवड्यात नाही. वजन ४.१ वरच.


पशुवैद्य_नाशिकरोड

नवव्या दिवशी हे चित्र म्हणजे गाडी रुळावर आहे. मऊ शीला घाबरू नका. खूण अशी: शी खोऱ्याने उचलली की अख्खी उचलली जावी आणि वाळूवर ओला ठसा थोडाच राहावा. आकार आहे पण उचलताना मोडते, ही मधली पायरी. रोज त्याच उजेडात फोटो काढा आणि वहीत तारीख, किती वेळा, उलटी, काय खाल्लं एवढंच लिहा. आठवड्यातून एकदा, सकाळी खाण्याआधी, वजन करा. बाथरूमच्या काट्यावर बोक्याला उचलून उभं राहिलात तर शे-दोनशे ग्रॅमचा गोंधळ होतो, आणि इथे आपल्याला शंभर ग्रॅमही हवेत. किराणा मोजायचा काटा आणि त्यावर टोपली, हे सगळ्यात चांगलं.

बी-१२ बद्दल: कागदावरची मर्यादा माणसाची आहे. मांजरासाठी साधारण २९० च्या खाली कमी धरतात. २३० म्हणजे तुमच्या बोक्याला उणीव आहे. बी-१२ लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून शोषलं जातं. तो भाग सुजला की ते घटतं, आणि ते घटलं की आतड्याचं अस्तर भरून येत नाही. म्हणजे चक्रच. नुसता आहार बदलला आणि हे भरून काढलं नाही तर सुधारणा अर्ध्यावर अडते. वजन वाढत नाही त्यामागे हेच असू शकतं.

डोस: २५० मायक्रोग्रॅम कातडीखाली, आठवड्यातून एकदा, सहा आठवडे. मग महिन्याने एक, आणि त्यानंतर महिन्याने पुन्हा रक्त. सुई नको असेल तर २५० मायक्रोग्रॅम रोज तोंडाने, तेही लागू पडतं, पण ते रोज बारा आठवडे न चुकता. जास्त झालेलं लघवीतून जातं, त्यामुळे विषबाधेची धास्ती नको.

टोचायचं कसं, ते दवाखान्यात एकदा हातात हात धरून शिकून घ्या. दोन खांद्यांच्या मध्ये कातडी चिमटीत वर उचला, तंबूसारखी होते. सुई त्या तंबूच्या पायथ्याशी, पाठीला समांतर, पूर्ण आत. दट्ट्या किंचित मागे ओढा: रक्त आलं तर बाहेर काढा, हवा आली तर सुई कातडीच्या आरपार गेलीय. काही आलं नाही तर सावकाश सोडा. कातडी ओली लागली तर औषध बाहेर सांडलं, पुन्हा देऊ नका, पुढच्या आठवड्याला नीट द्या. बाटली फ्रिजमधून काढलेली असेल तर सिरिंज मिनिटभर मुठीत धरा, गार औषध जास्त झोंबतं.


मेडिकलवाला_पंचवटी

सिरिंजबद्दल सांगतो, कारण इथे चूक हमखास होते. १००० मायक्रोग्रॅम प्रति मिलीची बाटली असेल तर २५० म्हणजे पाव मिली. बारीक सुई म्हणून लोक इन्सुलिनची सिरिंज घेतात, आणि ती दोन प्रकारची येते. लाल टोपणाची यू-४०: तिच्यावर पाव मिली म्हणजे १० ची रेघ. नारिंगी टोपणाची यू-१००: तिच्यावर पाव मिली म्हणजे २५ ची रेघ. टोपणाच्या रंगावर जाऊ नका, नळीवर छापलेलं वाचा. बी-१२ मध्ये घोटाळा झाला तरी निभावतं, पण हीच सवय उद्या इन्सुलिनच्या वेळी जीवावर बेतेल.

बाटली घेताना नुसतं बी-१२ मागा. माणसांसाठीच्या इंजेक्शनात बरेचदा बी-१, बी-६, निकोटिनामाइड असं मिश्रण असतं. ते जास्त झोंबतं आणि बी-१२ चं प्रमाण वेगळं असतं. प्रिस्क्रिप्शनवर मात्रा मायक्रोग्रॅममध्ये लिहून आणा, 'अर्धा सीसी' असं नको.

घरातल्या डब्यातलं मांजराला काय द्यायचं नाही: पॅरासिटामॉल, अर्धी गोळीही जीव घेते. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक नाही. लोपरामाइड, म्हणजे आपली जुलाब थांबवायची गोळी, मांजराला देऊ नका, मांजरं त्यातून बेभान होऊ शकतात. कुत्र्यांचं परमेथ्रिन असलेलं पिसवांचं औषध तर मांजराच्या जवळही नको.

गोळी कोरडी गिळवू नका, मागून ५ ते ६ मिली पाणी सिरिंजने गालाच्या कडेने थोडं थोडं सोडा. डॉक्सीसायक्लिनसारखी गोळी अन्ननलिकेत चिकटून बसली तर तिथे व्रण होऊन नळी कायमची अरुंद होते, आणि मग खाल्लेलं लगेच जसंच्या तसं बाहेर येतं.


इंदिरानगरची_मनी

एकविसाव्या दिवसाचं: शी दिवसातून एकदा-दोनदा, अख्खी उचलली जाते. उलटी एक, केसांची. वजन ४.२२. बी-१२ ची दोन इंजेक्शनं झाली. आता पुढे काय? आणि मला रात्री घाबरायचं कधी आणि कधी नाही, हे कुणी तरी एकदा स्पष्ट सांगा.


पशुवैद्य_नाशिकरोड

स्टिरॉइड आता बाजूला. याच आहारावर एकूण सहा ते आठ आठवडे काढा, म्हणजे आतडं भरून येईल. मग मुद्दाम जुनं चिकन फूड थोडं द्यायचं. एक-दोन आठवड्यांत पुन्हा बिघडलं तर कारण सापडलं. नाही बिघडलं तर कदाचित दूधच दोषी, किंवा पाच दिवसांच्या फेनबेंडाझोलने नमुन्यांत न दिसलेलं काही तरी गेलं. ही उलटतपासणी बहुतेक लोक टाळतात, आणि मग मांजर जन्मभर महागडं फूड खातं. एका वेळी एकच पदार्थ, दोन पदार्थांत दोन आठवड्यांचं अंतर.

सहा आठवड्यांत वजन अडलं किंवा शी पुन्हा बिघडली, तर आधी बायोप्सीचं बोलणं आणि मग प्रेडनिसोलोन. किलोला १ ते २ मिग्रॅ रोज, गुण आला की आठवड्यांनी उतरवत जायचं, अचानक बंद करायचं नाही. पाणी आणि लघवी वाढली तर साखर तपासायची.

आता रात्रीचं. बोका खेळतोय, खातोय, पाणी पितोय आणि एक उलटी किंवा एक पातळ शी झाली, तर सकाळपर्यंत थांबा. खालचं काही असेल तर थांबू नका.

पूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही. मांजराला उपास घालायचा नसतो. दोन-तीन दिवस पोट रिकामं राहिलं की अंगातली चरबी लिव्हरवर चढते, जाड मांजरात लवकर. दिवसभरात चार-पाच उलट्या, किंवा प्यायलेलं पाणीही टिकत नाही. शी काळी डांबरासारखी. हिरड्या फिकट किंवा बोटाला चिकट लागतात, खांद्यावरची कातडी उचलून सोडली तर तशीच उभी राहते.

ट्रेवर बसून कुंथतोय आणि काहीच येत नाही. लोक याला बद्धकोष्ठ समजून एरंडेल शोधतात. बोका असेल तर आधी वाळूत लघवीचा गोळा आहे का ते बघा. लघवी अडलेली असेल तर काही तासांचा प्रश्न असतो, सकाळची वाट बघायची नाही. थंडीत हे जास्त दिसतं. निफाडचा पारा खाली जातो त्या दिवसांत मांजरं पाण्याकडे फिरकत नाहीत. कोमट पाण्याचे दोन-तीन वाडगे घरात वेगवेगळ्या जागी, ट्रेपासून लांब ठेवा.

आणि संक्रांतीच्या आसपास एकाएकी उलट्या सुरू झाल्या तर जिभेखाली बघा. आपल्याकडे पतंग फक्त येवल्यातच उडतो असं नाही, मांजा सगळ्या गच्च्यांवर आणि बाल्कन्यांत पडलेला असतो. शिवणाचा दोरा, राखीचा रेशीमगोंडा, हेही तसंच. दोऱ्याचं एक टोक जिभेच्या मुळाशी अडकतं आणि बाकीचा आतड्यात जातो. आतडं त्यावर चुन्या पडल्यासारखं गोळा होतं आणि दोरा आतून भिंत कापतो. तोंडातून किंवा मागून लोंबणारं टोक दिसलं तर ओढू नका, कापूही नका. मांजराला ते चावू न देता तसंच दवाखान्यात न्या.


सिडको_तीन_मांजरं

एकच भर. केसांची उलटी महिन्याला एखादी असेल तर पर्शियनात चालेल, पंधरवड्यात दोन-तीन झाल्या तर केसांना दोष देऊ नका, आतड्याची चाल मंदावलीय. रोज पाच मिनिटं स्टीलच्या बारीक कंगव्याने विंचरा, आधी पोटाखालून आणि मांडीमागून, तिथेच गुंते होतात. कुंडीत गव्हाचे दाणे पेरले तर आठ दिवसांत खायला गवत होतं, ते या पथ्यातही चालतं. फक्त माती फवारणी केलेल्या शेतातली नको, आणि त्या बाल्कनीत लिली असेल तर ती मांजराला विष, आजच दुसऱ्याला देऊन टाका.


इंदिरानगरची_मनी

लिली होती, दिली. सासूबाईंनी दुधाची बशी धुऊन वरच्या फळीवर ठेवलीय आणि रोज सकाळी पथ्याचा दिवस मोजतात. चिकनची उलटतपासणी आठव्या आठवड्यात सुरू करते, तेव्हा इथेच लिहीन.